फाळक्याविना 400 किलोमीटर

फेब्रुवारीत आमच्या पिकअपच्या हौद्याची मागची बाजू बंद करणाऱ्या फाळक्याची डावी बिजागरी तुटली. बारा पावसाळ्यांच्या दमट हवेने तिची खिटी आतून इतकी गंजली होती की बोटाने दाबताच लोखंडाचे पापुद्रे सुटले. गोव्यातल्या साखळी गावच्या वेल्डरने कामाला चार दिवस मागितले आणि आम्ही दोघांनी मिळून उतरवलेला फाळका भिंतीला टेकवत तो म्हणाला, "शेट, खुशाल जा. वारा आरपार जाईल, डिझेलही कमी लागेल." कोल्हापूरहून दुकानासाठी गूळ आणायचा होता, भाव ठरलेला होता, म्हणून मी तसाच निघालो.

डिझेल वाचते हा समज आमच्याकडे अनेक चालकांचा आहे आणि तो ऐकायला पटण्यासारखाही आहे. केरीहून चोर्ला घाट चढताना वेग तीसच्या आसपास असतो, तिथे वाऱ्याचा प्रश्नच फारसा येत नाही. पण बेळगावनंतर चौपदरी रस्त्यावर गाडी ऐंशीवर गेली की तो येतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे चाळीसवरून ऐंशीवर गेल्यास तो चौपट होतो. फाळका बंद असतो तेव्हा रिकाम्या हौद्यात हवेचा एक भोवरा कोंडून राहतो आणि केबिनच्या टपावरून येणारा वारा त्या भोवऱ्यावरूनच सरकत मागे निघून जातो. फाळका काढला की तो भोवरा टिकत नाही, वारा केबिनच्या पाठीमागेच खाली कोसळतो आणि गाडीला मागे ओढतो. बेळगावला टाकी काठोकाठ भरून मी कोल्हापुरात पुन्हा भरली. याच टप्प्यावर रिकाम्या गाडीला लिटरमागे 14 किलोमीटर मिळतात, या वेळी जेमतेम 13 मिळाले. एका फेरीवरून निष्कर्ष काढता येत नाही हे मान्य आहे. पण डिझेल वाचले नाही, एवढे मी खात्रीने सांगतो.

डिझेलचे मात्र मी लवकरच विसरलो. परतताना हौद्यात गुळाच्या रव्यांची, म्हणजे ढेपांची, खोकी होती, दोन दोर आडवे आणि एक उभा असे बांधलेली. निपाणी सोडल्यावर तवंदी घाटाचा चढ लागतो. उतारावर माल केबिनकडे रेलतो, चढावर तो मागे येतो, आणि मागे त्याला अडवायला काहीच नव्हते. आरशात पाहिले तर एक मोटारसायकल माझ्या अगदी मागे होती, नवरा-बायको आणि मधोमध लहान मूल. मी गाडी कडेला घेतली, त्यांना पुढे जाऊ दिले आणि उतरून पाहिले तेव्हा शेवटची ओळ वीतभर मागे सरकलेली होती व दोर खोक्यांच्या कोपऱ्यांत रुतला होता. नायलॉनचा दोर ताण आल्यावर लांबतो, हे रोज माल बांधणाऱ्या मला ठाऊक असायला हवे होते. पुढच्या धाब्यावर एका ट्रकचालकाकडून खटक्याने आवळत जाणारा रॅचेटचा पट्टा मागून घेतला आणि पूर्ण माल केबिनला घट्ट आवळला.

संध्याकाळ होताच आणखी एक गोष्ट ध्यानात आली. मागची लाल परावर्तक पट्टी फाळक्यावर चिकटवलेली होती आणि ती आता वेल्डरच्या भिंतीला टेकलेली होती. अंधारात जांबोटीच्या जंगलातून, मागून येणाऱ्याला फक्त दोन दिव्यांच्या भरवशावर दिसत जाण्याची माझी तयारी नव्हती, म्हणून मी बेळगावातच मुक्काम केला. माझा माल हौद्याबाहेर आलेला नव्हता. तो आला असता तर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली 20,000 रुपयांचा दंड आहे, आणि फाळका नसताना लांब पाइप किंवा सळ्या मागे लोंबू देण्याचा मोह किती सहज होतो, हे मी आमच्या बाजारात रोज पाहतो.

सकाळी कणकुंबीपर्यंत रस्त्याच्या कामाची तांबडी धूळ होती. धावत्या गाडीच्या पाठीमागे हवेचा दाब कमी होतो, त्यामुळे चाकांनी उडवलेली धूळ उलटी हौद्यात ओढली जाते. फाळका तिला बरीच अडवतो. दुकानात शेवटच्या ओळीतली खोकी उघडली तेव्हा झाकणाच्या फटीतून शिरलेली धूळ गुळाच्या ओलसर अंगावर बसून घट्ट झाली होती. सुरीने वरचा थर खरवडून मी ते चार रवे घरच्या वापराला ठेवले, गिऱ्हाइकाला दिले नाहीत.