तुम्ही विचारलंत म्हणून: चर्चनं न्यायासाठी नेमकं करायचं काय?

मिरजेत राहणाऱ्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न काही चुकत नाही. बाहेरचे विचारतात, "तुमचं चर्च प्रार्थनेशिवाय समाजासाठी काय करतं हो?" आणि आमच्या तरुण संघातली पोरं विचारतात, "मावशी, सामाजिक न्याय म्हणजे आपण करायचं तरी काय?" प्रश्न एकच, पहिल्यात जरा टोमणा असतो एवढंच. परवा परत कुणीतरी विचारलं म्हणून आता एकदाच सविस्तर लिहून टाकते.

टोमणेवाल्यांसाठी आमच्याकडं उत्तर तयार असतं, वॉन्लेस. डॉक्टर विल्यम वॉन्लेस 1889 साली भारतात आले, 1894 ला मिरजेत हॉस्पिटल सुरू झालं, लांबलांबून पेशंट यायला लागले, आणि सांगली-मिरजेच्या मधे वानलेसवाडी आजही त्यांचं नाव घेऊन आहे. सावित्रीबाई आपल्या सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या, त्यांनी शिक्षिकेचं ट्रेनिंग नगरला मिशनरी मिस फॅरार यांच्याकडं घेतलं, हेही आम्ही हळूच पुढं सरकवतो. सगळं खरं आहे, आणि मी स्वतः आयुष्यभर नर्सिंग केलंय त्यामुळं अभिमान तर आहेच. पण आजोबांची पुण्याई किती दिवस सांगत बसायची?

आत्ताचं विचाराल तर नाताळात ब्लँकेटं वाटतात, सिव्हिलमध्ये फळं देतात, फोटो काढतात, ग्रुपवर टाकतात. मी त्याची चेष्टा करत नाही, थंडीत कुडकुडणाऱ्याला ब्लँकेटच लागतं, भाषण नाही. पण हे सगळं देणं आहे आणि देण्यात कुणाला राग येत नाही, नगरसेवक पण येऊन हार घालून जातो. राग कधी येतो तर "हा माणूस दरवर्षी उघड्यावर का झोपतो" असं विचारलं की. माझ्या मते चर्चचं न्यायाचं काम तिथून सुरू होतं.

ऑगस्ट 2019 च्या महापुराचंच बघा ना. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चच्या बायकांनी रात्रंदिवस चपात्या लाटल्या, पाकिटं भरली, कुणी जात विचारली नाही की धर्म. मग पाणी ओसरलं, पंचनामे सुरू झाले आणि आमच्या ओळखीतल्या एका धुणंभांडी करणाऱ्या बाईचं नावच यादीत नाही. का, तर खोली भाड्याची, करार नाही, लाईटबिल मालकाच्या नावावर. तिला आता चपातीची गरज नव्हती, तिला तलाठ्यापुढं "ही इथंच राहते" म्हणून सही करणारी चार माणसं पाहिजे होती. आमच्यातल्या एका रिटायर्ड क्लार्कनं ते अंगावर घेतलं, अर्ज लिहिला, हेलपाटे मारले, आणि तिच्यासारख्याच त्या गल्लीतल्या बाकीच्यांचे पण अर्ज केले. त्याचा फोटो कुणी काढला नाही. पण अख्ख्या पुरात आमच्या मंडळीनं केलेलं सगळ्यात मोठं काम मला ते वाटतं.

आता ऊस. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोड कामगारांच्या टोळ्या यायला लागतात, बीडकडनं, आपल्याच जत-आटपाडीकडनं, आणि कारखान्यांच्या आजूबाजूला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक कोयता, मुकादमाकडनं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच घेतलेली, मग टनावर मजुरी आणि ती उचलीतनं वळती. एक दिवस आजारी पडलं की खाडा, म्हणजे दंड. हंगाम संपला तरी उचल फिटलेली नसते, मग पुढच्या वर्षी परत तोच मुकादम. बीड जिल्ह्यात 2019 साली सरकारच्या समितीनं पाहणी केली तेव्हा 13 हजारांवर ऊसतोड बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. नर्स म्हणून सांगते, इतक्या सगळ्या पिशव्या एकदम खराब होत नसतात. पाळीत सुट्टी नाही, फडात पाणी नाही, संडास नाही, खाड्याची भीती आणि वर ऑपरेशनला सांगणारा डॉक्टर, एवढं सगळं जुळलं की होतं ते.

आणि पवित्र शास्त्रात बघा काय आहे. बायबलमधल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात सरळ आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या, मग तो आपला असो की परका. याकोबाच्या पत्राच्या 5 व्या अध्यायात तर शेत कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरीच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानावर जाते. उसाच्या पट्ट्यात राहून हे वचन दरवर्षी वाचायचं आणि फडाकडं बघायचं नाही, हे कसं जमतं आपल्याला कोण जाणे.

तर कोपीवर जायचं, पण कॅरलवाली पार्टी घेऊन नाही, हिशेब येणारं माणूस घेऊन. टनाची पावती वाचून दाखवायची, वहीत लिहून द्यायची, म्हणजे शेवटी मुकादम काय म्हणतो ते ताडून बघता येतं. रेशनकार्ड गावाकडचं असलं तरी इथल्या दुकानात धान्य मिळतं, पण दुकानदार "मशीन चालत नाही" म्हणतो, तिथं सोबत उभं राहायचं. ऊसतोड कामगाराची नोंदणी त्याच्या गावच्या ग्रामसेवकाकडं होते, ओळखपत्र मिळतं, हे निम्म्यांना माहीत नसतं. पोरं फडात फिरत असतील तर जवळच्या झेडपीच्या शाळेत नेऊन बसवायची, हेडमास्तरांशी बोलायचं. आणि उचलीपायी कुणाला डांबून ठेवलं असेल तर वेठबिगारीविरोधी कायदा 1976 पासून आहे, सरळ कलेक्टर ऑफिसला अर्ज. यातल्या कशालाच मोठा फंड लागत नाही. हे काम करणाऱ्या संघटना आधीपासून आहेत, त्यांच्या मागं जाऊन उभं राहिलं तरी चालतंय, दरवेळी बॅनर आपलाच पाहिजे असं कुठं आहे?

पण त्याआधी घर बघायचं. चर्चमध्ये झाडू मारणारा, घंटा वाजवणारा जो सेवक असतो त्याला पगार किती? पीएफ आहे का? आजारी पडला तर कोण बघतं? "तो तर देवाची सेवा करतो" हे वाक्य कमिटीतल्या लोकांच्या तोंडात फार लवकर येतं, आणि ते बहुतेक स्वतः पेन्शनवाले असतात. ही चर्चा कमिटीत काढली की वातावरण तंग होतं, मी काढलीय, माहीत आहे मला. आणि कमिटीत बायका किती, हा पण हिशेबच आहे, नुसतं महिला मंडळाकडं चहापाणी देऊन भागत नाही.

जातीचं तर बोलायलाच नको म्हणतात, म्हणून बोलते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जाती फक्त हिंदूंसाठी धरल्या, 1956 ला शीख आले, 1990 ला बौद्ध आले, दलित ख्रिस्ती अजून बाहेर. त्यांनाही आत घ्या ही मागणी चर्चनं केलीच पाहिजे आणि केली जाते पण. मात्र त्याच चर्चमध्ये लग्न जमवताना "त्यांचे मूळचे कोण?" असं दबक्या आवाजात विचारतात, तेव्हा पाळकसाहेब गप्प बसतात. सरकारकडं न्याय मागायचा आणि सोयरीक बघताना जुना चष्मा घालायचा, हे मला पटत नाही.

पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "हे करायला गेलात तर धर्मांतराचा आळ येईल." येतो. म्हणूनच कोपीवर जाताना पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका ठेवायची नाही, मदतीच्या बदल्यात उपासनेला या म्हणायचं नाही, हे आधीच ठरवून जायचं. यात भित्रेपणा काही नाही, अडचणीतल्या माणसाकडनं होकार काढणं हाच मुळात अन्याय आहे. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक शेवटच्या काळात साताऱ्यात येऊन राहिले, 1917 मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' नावाची येशूला मानणाऱ्यांची मंडळी सुरू केली, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही चालत होते. शंभर वर्षांपूर्वी साताऱ्यात हे सुचलं होतं.

आणि हो, त्रास होतो. वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो हरित वसईसाठी उभे राहिले, झाडं आणि पाणी वाचवायला, त्यांना बिल्डर लॉबीचा आणि गुंडांचा विरोध सोसावा लागला. पुढं तेच धाराशिवच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हाही काहींनी विरोध केलाच. आपल्याला एवढं मोठं काही करायचं नाहीये. इथं फार तर कुणीतरी पाळकसाहेबांना फोन करून म्हणेल की तुमच्या लोकांना आवरा, मुकादमाच्या भानगडीत पडू नका. तेव्हा पाळकसाहेबांच्या मागं कमिटी उभी राहणार का, हे मात्र दिवाळीच्या आधीच मीटिंगमध्ये ठरवून मिनिट्समध्ये लिहून घ्या. तोंडी नको.