डाव्या हातानं मारायचा दगड

शनिवार, एव्होरा

आई लिस्बनला आल्यापासून म्हणत होती, चर्च पुरे झाली, आता काही तरी मोकळं दाखव. म्हणून आज पोर्तुगालचा दक्षिणेकडचा भाग, अलेंतेझो. टेगस नदी ओलांडून पूर्वेकडे निघालं की तासाभरात घरं विरळ होतात आणि दोन्ही बाजूंना बुचाचे ओक सुरू होतात. खोड फांद्यांपर्यंत सोललेलं, आतून गडद तांबडं, आणि त्यावर पांढऱ्या रंगानं एकच आकडा. 8 म्हणजे 2018 मध्ये साल सोलली, आता 2027 पर्यंत हात लावायचा नाही. नऊ वर्षांचा हा नियम कायद्यातच आहे. रोप लावल्यावर पहिली सोलणी व्हायला पंचवीसेक वर्षं जातात, आणि बाटलीला चालेल असं बुच तिसऱ्या सोलणीला मिळतं. आईनं मनातल्या मनात हिशेब केला आणि म्हणाली, "म्हणजे लावणाऱ्याच्या नातवालाच मिळणार. आपला आंबा बरा."

अल्मेंद्रेशचा उभा दगड आधी लागतो. गाडी शेतातल्या कोठारांपाशी लावायची आणि कुंपणाच्या कडेनं चालत जायचं. पाटी आहे, पण आपण कुणाच्या तरी वावरात शिरलोय असंच वाटत राहतं. पुढे झाडांत एकटा, माणसाच्या दुप्पट उंचीचा, लंबगोल ग्रॅनाइट. आईनं चपला काढाव्यात की नाही असा क्षणभर विचार केला, हे मला तिच्या पायांवरून कळलं. मग म्हणाली, "इतक्या हजार वर्षांत याले कोणी शेंदूर नाही लावला?"

खरंच आहे. विदर्भात असा दगड बांधावर उभा दिसला असता तर पुढच्या अमावास्येला त्याचा मुंजाबा नाही तर म्हसोबा झाला असता. वर्षभरात ओटा, पाच वर्षांत टिनाचं शेड.

तिथून पुढे मातीच्या रस्त्यानं मोठं वर्तुळ. पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या टेकडीवर पंचाण्णवच्या आसपास दगड आहेत. काही गुडघ्याएवढे, काही डोक्याच्या वर. एकाच वेळी उभे केलेले नाहीत. सर्वांत जुना भाग कमीत कमी सात हजार वर्षांपूर्वीचा मानतात, पुढे पिढ्यानपिढ्या भर पडत, फेरफार होत गेले. भूगर्भीय नकाशाच्या कामानिमित्त हिंडणाऱ्या एन्रिक लिओनोर पिना यांनी 1960 च्या दशकात ते शोधले, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. शोधले म्हणजे कागदावर आणले. इथे बुच सोलणाऱ्यांनी आणि डुकरं चारणाऱ्यांनी या दगडांना टेकून किती पिढ्या भाकर खाल्ली असेल, त्याची नोंद कुठे असणार? पुष्कळसे दगड तेव्हा आडवे पडलेले होते, नंतरच्या उत्खननांत त्यांच्या मूळच्या खाचा शोधून ते पुन्हा उभे केले.

तिकीट नाही, दोरी नाही, पहारेकरी नाही. दोन पोरं दगडांमधून शिवाशिवी खेळत होती आणि त्यांचे आईबाप निवांत फोटो काढत होते. मला ते आवडलं. कोवळं ऊन तिरपं पडलं होतं, त्यामुळे काही दगडांवरची कोरीव वर्तुळं आणि बाक असलेल्या काठीची आकृती दिसत होती. भर दुपारी येणाऱ्यांना हे दिसत नाही आणि मग ते "नुसते दगड आहेत" म्हणून परत जातात.

एका दगडावर वाटीसारखे खळगे होते. आई त्यावरून बोट फिरवत म्हणाली, "हे तं जुनापाणीच दिसून राहिलं."

शाळेत असताना बाबांनी आम्हाला स्कूटरवरून काटोल रोडनं तिकडे नेलं होतं. नागपूरच्या वेशीवर तीनशेच्या आसपास शिळावर्तुळं, काळे दगड, आणि त्यांतल्या काहींवर रांगेत कोरलेले असेच खळगे. 1860-70 च्या दशकांत रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याला ते पाहून थेट स्कॉटलंडचे दगड आठवले होते, आणि त्यानं तसं लिहूनही ठेवलं. आईनं त्याचं काही वाचलेलं नाही. पण तिचं बोट नेमकं तिथंच गेलं. नातं मात्र लावता येत नाही. आपली वर्तुळं लोहयुगातली, मृतांसाठी रचलेली, त्यांच्या पोटात लोखंडी कुऱ्हाडी आणि घोड्यांचे साज सापडतात. इथले दगड त्यांच्या कितीतरी हजार वर्षं आधीचे, तेव्हा लोखंड कुणी पाहिलेलंही नव्हतं. दोन्हीकडच्या माणसांना दगडात खळगे करावेसे वाटले, एवढंच खरं.

दुपारी झांबुझेइरूचं थडगं. वालव्हेर्द गावापासून पायवाट आहे. सहा मीटरांहून उंच शिळा एकमेकींवर रेलून उभ्या, पुढे लांब दगडी बोळ. हे अख्खं बांधकाम मातीच्या प्रचंड टेकाडाखाली झाकलेलं होतं. 1960 च्या दशकातल्या उत्खननात वरची झाकणशिळा हलवली गेली. आता आत पाऊस जाऊ नये म्हणून पत्र्याचं छप्पर घातलंय आणि लाकडी टेकू लावलेत. एव्होऱ्याच्या संग्रहालयात इथल्या वस्तू नीट मांडल्या आहेत, त्या पाहताना विशेष काही वाटलं नव्हतं. इथे मात्र वाईट वाटलं. मातीखाली हजारो वर्षं उभं होतं, उघडं केल्यावर साठ वर्षांत टेकू लागले.

याच्या उलट साँव ब्रिसुशची चिमुकली चॅपल. तीही अशाच थडग्याची, पण सतराव्या शतकात गावानं त्या शिळांनाच भिंत जोडली, सगळ्याला चुना फासला, खाली निळा पट्टा ओढला आणि देवीला आत बसवलं. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं हा अपराधच म्हणायचा. पण शिळा जागच्या जागी आहेत आणि चुना ताजा होता. मला वाटतं, जुन्या दगडाकडे कुणाचं तरी काही काम असलं म्हणजे तो टिकतो. आईला हे पटवून द्यावं लागलं नाही. ती आत हात जोडून आली होती.

रात्री आसोर्दा. शिळा पाव, ठेचलेला लसूण, मूठभर कोथिंबीर, ऑलिव्हचं तेल, वरून कढत पाणी आणि त्यात अर्धवट शिजवलेलं अंडं. इतके दिवस युरोपात कोथिंबीर नाही म्हणून कुरकुरणाऱ्या बाईनं वाडगं निपटून खाल्लं. "आपला पोळीचा कुस्कराच हा, फक्त ओला."

रविवार, मोन्साराझ

किल्ल्यावरून खाली सगळीकडे पाणीच पाणी. अल्केव्हा धरणाचे दरवाजे 2002 मध्ये बंद झाले आणि इथलं ग्वादियाना खोरं बुडालं. लूझ नावाचं गाव उचलून वर नेलं, दफनभूमीसकट. शेरेझचे उभे दगडही हलवले, 2004 मध्ये ते ओरादाच्या मठाजवळ पुन्हा मांडले. पन्नासाहून जास्त दगड चौकोनात, मध्ये चारेक मीटरचा एक उंच. हा चौकोन मुळात होता, की 1970 च्या दशकात दगड रचणाऱ्यांनी कल्पिला, यावर अभ्यासकांत अजून वाद आहे. म्हणजे शंका असलेली मांडणी जशीच्या तशी दुसऱ्या जागी नेली! मी फार वेळ थांबले नाही. तेच दगड, पण पायाखालची जमीन त्यांची नाही, हे एकदा कळल्यावर मन लागेना.

कोर्व्हाल गावात मात्र खूप वेळ गेला. एक तर तिथं कुंभारांची दुकानं एकाला एक लागून आहेत आणि आई प्रत्येकात शिरली. दुसरं म्हणजे प्रेमिकांचा खडक. हा कुणी उभा केलेला नाही, ग्रॅनाइटच झिजून खाली बारीक, वर फुगीर झालाय. दोन मीटर उंच, रस्त्याच्या कडेला. ईस्टरनंतरच्या सोमवारी लग्नाच्या मुलींनी त्याच्याकडे पाठ करून डाव्या हातानं दगड मागे फेकायचा. माथ्यावर राहिला तर वर्षात लग्न. पडला तर प्रत्येक पडलेल्या दगडामागे एक वर्ष थांबायचं. ईस्टर नुकताच होऊन गेला होता. माथ्यावर दगडांचा नुसता खच, आणि खाली त्याहून जास्त.

"डाव्या हातानं?" आईला हेच आधी खटकलं. "शुभ कामाले डावा हात?"

मी म्हटलं, इथली पद्धत आहे. शिवाय सोमवार कधीच उलटून गेला, आता फेकून काय उपयोग. तिनं ते ऐकूनच घेतलं नाही. वाकून एक बेताचा दगड निवडला, ओढणीला पुसला आणि माझ्या डाव्या हातात ठेवला. मी पाठ फिरवून फेकला. तो माथ्यावर टेकला, घरंगळला आणि खाली आला.

"एक वर्ष," आई म्हणाली आणि दुसरा शोधायला लागली.