इंग्रजाचीच पंचाईत

जर्मन माणसाचं इंग्रजी चांगलं असतं. आमच्या श्टुटगार्टच्या ऑफिसात तरी कुणी अडखळताना दिसत नाही. धाडधाड बोलतात, आणि घोळ होतो तो नेमका या धाडधाडीत. जर्मन आणि इंग्रजी पडल्या चुलतबहिणी. चेहरेपट्टी सारखी, त्यामुळे हाक मारावी एकीला आणि वळून बघावं दुसरीनं, असं चालतं.

जर्मनमध्ये 'गिफ्ट' म्हणजे विष. 'बेकॉमेन' म्हणजे मिळणं. म्हणून नवशिका जर्मन हॉटेलात 'आय बिकम अ स्टेक' म्हणतो, हा विनोद तर पार शिळा झालाय. खरी गोम आहे 'इव्हेंच्युअली'मध्ये. जर्मन 'एव्हेंटुएल'चा अर्थ जमलं तर, कदाचित. 'वी विल इव्हेंच्युअली डिलिव्हर इन मे' असं लिहिणाऱ्यानं स्वतःसाठी पळवाट ठेवलेली असते, आणि वाचणारा समजतो की रखडत का होईना, मे महिन्यात माल येणारच! असल्या एका शब्दावरून मेलामेली सुरू होते ती आठवडाभर पुरते.

शिवाय इंग्रजांनाच ठाऊक नसलेलं इंग्रजी इथे मुबलक. मोबाइलला 'हँडी' म्हणतात, प्रोजेक्टरला 'बीमर'. 'आज मी होम ऑफिसमध्ये आहे' असं कुणी सांगितलं की तो घरून काम करतोय. लंडनच्या माणसाला मात्र तो गृहखात्यात चिकटल्यासारखा वाटतो.

या प्रकाराची थट्टा जर्मन स्वतःच सगळ्यात जास्त करतात. 1965 साली राणी एलिझाबेथ जर्मनीच्या दौऱ्यावर आली, तेव्हा कार्यक्रम लगेच सुरू होतोय हे सांगताना राष्ट्राध्यक्ष हाइनरिश ल्यूबके तिला 'इक्वल गोज इट लूज' म्हणाले, असा किस्सा पसरला. जर्मन वाक्प्रयोगाचं शब्दाला शब्द इंग्रजी. पुढे उघड झालं की ते वाक्य पत्रकारांनीच रचलं होतं. पण ल्यूबके काही सुटले नाहीत. असल्या भाषेला अजून 'ल्यूबके-इंग्लिश'च म्हणतात.

मला हसायला काय जातंय? पण पुणे, श्टुटगार्ट आणि बर्मिंगहॅम अशी तिघांची मीटिंग असली की गंमत होते. माझा जर्मन सहकारी म्हणतो, 'आय वर्क हिअर सिन्स टेन इयर्स.' पुण्याचा गडी मान डोलावतो, कारण 'मी दहा वर्षांपासून इथे काम करतो' यात त्याला काहीच खटकत नाही. आमचाही वर्तमानकाळच, त्यांचाही. 'सेंड इट अंटिल फ्रायडे' हेही तसंच. जर्मनांचं 'बिस' आणि आपलं 'पर्यंत', दोन्ही एकाच चालीचे: शुक्रवारपर्यंत पाठवा, शुक्रवारपर्यंत थांबा. पुण्याहून फाइल वेळेत येते. बर्मिंगहॅमचा माणूस तेवढा विचारात पडतो, की शुक्रवार उजाडेस्तोवर पाठवतच राहायचं की काय.

वेळ ठरवताना मात्र आमची युती फुटते. इंग्रज 'हाफ थ्री' म्हणाला तर साडेतीन. जर्मन 'हाल्ब द्राय' म्हणाला तर अडीच, म्हणजे तिसरा तास अर्धा झालेला. इथे पुणेकर चटकन इंग्रजाच्या बाजूला जातो, कारण साडेतीन म्हणजे तीन आणि वर अर्धा हे त्याच्या अंगवळणी पडलेलं. अडीचचं कूळ काढलं तर ते निघतं संस्कृत 'अर्धतृतीय', तिसरा अर्धा! म्हणजे अडीचपुरते आपण पक्के जर्मन आणि साडेतीनपासून पुढे इंग्रज. हे मी एकदा मीटिंगमध्ये समजावून सांगितलं. जर्मन सहकाऱ्याला फारच आवडलं, त्यानं वहीत लिहून घेतलं. बर्मिंगहॅमचे साहेब म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण उद्या फोन नक्की किती वाजता करू?