जिजाई, बालो आणि कारखान्याचं दार

गेल्या रविवारी आईला शेजारी बसवून मणी कौल यांचा ‘उसकी रोटी’ (१९६९) हा सिनेमा लावला. चुकलंच म्हणा. पंधरा मिनिटांत आई म्हणाली, “ही बाई बोलंना का रे?”

ही बाई म्हणजे बालो, सिनेमाची नायिका. ती गप्पच असते. बस चालवणाऱ्या नवऱ्यासाठी रोट्या घेऊन रस्त्यावर उभी. बोलली तरी पाढे म्हटल्यासारखं. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मलाही वाटलं होतं, हिला अभिनय येत नाही. पण कौलना तेच हवं होतं. फ्रान्सचा दिग्दर्शक रॉबेर ब्रेसाँ नटांना नट म्हणतच नसे, ‘मॉडेल’ म्हणे. भाव गळून पडेपर्यंत तेच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घेई. कौल त्याच वाटेचे.

आमच्या घरात अभिनय म्हणजे ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ (१९३६). आईला त्यातली जिजाई पाठ. पोरगं आजारी, तर एका हातानं त्याला ओढत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन ती थेट विठ्ठलाच्या देवळात शिरते. जिजाई झालेल्या गौरीनं सगळं बाहेर काढलंय, गळ्यातून, हातातून. तिच्यासमोर तुकाराम झालेले विष्णुपंत पागनीस जवळजवळ काहीच करत नाहीत. रंगभूमीवर स्त्रीभूमिका केलेला माणूस, पण इथं नुसता बघतो, मंद हसतो, अभंग म्हणतो. (जुना अभिनय म्हणजे भडक, असं म्हणणाऱ्यांनी पागनीस बघितलेले नसतात.)

जिजाया आमच्या पेठेत दारोदार होत्या. बालोही होती, हे मला फार उशिरा कळलं. वडील यंत्रमागावर. दुपारी आई कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून कारखान्याच्या दारात उभी राहायची. आत एवढा खडखडाट की हाक मारून उपयोग नाही, सगळे खुणांनी बोलायचे. वडिलांचं लक्ष जाईपर्यंत ती तशीच. चेहऱ्यावर राग नाही, माया नाही, काही नाही. तेव्हा कुणी कॅमेरा लावला असता तर मीच म्हणालो असतो, बाईला अभिनय येत नाही.

तरी खरं सांगतो, रविवारी मला मध्येच डुलकी लागली. जाग आली तर बालो अजून उभीच. आई टक लावून बघत होती.

“एवढ्या वेळात रोट्या वाळल्या असतील की,” ती म्हणाली. “आणि सोबत काय दिलंय, तेवढं दाखवंना झालाय.”