नॉस्टॅल्जियाला मराठीत काय म्हणता?

मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करते हे कळलं, की बहुतेक जण हा एक प्रश्न विचारतातच. उत्तर एका शब्दात हवं असतं, आणि तसं मला देता येत नाही. आता पुन्हा विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रूढ शब्द आहे 'स्मरणरंजन'. मला तो कधी मानवला नाही. त्यात रंजन आहे, दुखणं नाही. मूळ शब्दात तर दुखणंच आहे, अगदी वैद्यांच्या अर्थानं. ग्रीक 'नोस्टोस' म्हणजे घरी परतणं आणि 'आल्गोस' म्हणजे वेदना. शब्द ग्रीक असले तरी त्यांची ही जोडी प्राचीन ग्रीकांनी जमवलेली नाही. ती जमवली योहानेस होफर या १९ वर्षांच्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यानं, १६८८ मध्ये, स्वित्झर्लंडमधल्या बाझलला प्रबंध लिहिताना. लोकांच्या तोंडी 'हाइमवे' हा शब्द होताच, म्हणजे घराचं दुखणं. पण या रोगाला शास्त्रात नाव नाही, ते असायला हवं, असं होफरला वाटलं.

त्यानं नोंदवलेल्या रोग्यांमध्ये बर्नहून बाझलला शिकायला आलेला एक तरुण आहे. ताप, धडधड, दिवसेंदिवस खंगत जाणं. आता हा काही जगत नाही, असं ठरल्यावर त्याला घरी पाठवायचं झालं. निघायची तयारी सुरू होताच तो सावरू लागला आणि घरी पोहोचायच्या आत बरा झाला. होफरनं झोपेची औषधं सुचवली, पोट साफ करायची सुचवली, पण खरा उपाय त्यानं स्वच्छ सांगितला: रोग्याला घरी न्या.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बसले होते. आमचं गाव साखरप्याच्या पलीकडे. १८ व्या वर्षी शिकायला पुण्याला आले आणि वसतिगृहात तिसऱ्या आठवड्यात तापानं आडवी झाले. रक्त तपासलं, गोळ्या झाल्या, ताप हटेना. शेवटी मामा येऊन रात्रीच्या एसटीनं घेऊन निघाला. पहाटे गाडी आंबा घाट उतरायला लागली, खिडकीतून दमट वारा आला, आणि मी मामाला म्हटलं, भूक लागली. घरी आईनं ऊन पेज आणि आंब्याचं लोणचं पुढे ठेवलं तेव्हा अंगात ताप नव्हता.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला शॉइखत्सर या स्विस निसर्गशास्त्रज्ञानं या रोगाचं कारण हवेत शोधलं. आल्प्सच्या उंचीवर वाढलेला माणूस सपाटीवर आला, की तिथली जड हवा त्याच्या अंगावर दाब देते, रक्त मंदावतं. घरी पाठवता येत नसेल तर रोग्याला निदान टेकडीवर नाहीतर बुरुजावर ठेवा, असं तो सांगे. मी तर घाट उतरून बरी झाले! त्याचं कारण चुकलं, पण रोग्याचं दुखणं त्यानं खरं मानलं, म्हणून मला हा माणूस आवडतो.

इंग्रजीत हा शब्द आणणाऱ्या सुरुवातीच्या नोंदींपैकी एक समुद्रावरची आहे. कॅप्टन कुकच्या 'एंडेव्हर' जहाजावर जोसेफ बँक्स हा वनस्पतितज्ज्ञ होता. सप्टेंबर १७७० मध्ये, न्यू गिनीचा किनारा मागे टाकल्यावर, त्यानं रोजनिशीत लिहिलं की खलाशांना घराची ओढ अनावर झाली आहे आणि वैद्य या ओढीला नॉस्टॅल्जिया नावाचा रोग मानू लागले आहेत. जहाजावर त्यातून सुटलेले जेमतेम तिघे: कप्तान, डॉक्टर सोलँडर आणि तो स्वतः. कारण त्यांच्या मनाला सतत काम होतं.

पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेच्या सैन्यातल्या डॉक्टरांनी या रोगाचे ५,००० हून जास्त रुग्ण नोंदवले. त्यातले काही दगावलेही.

मग हा रोग गोड हुरहुरीवर कसा आला? याची चाहूल जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांटला १७९८ मध्येच लागली होती. त्यानं लिहिलं, की असे स्विस लोक गावी परततात तेव्हा त्यांची निराशा होते आणि त्यानंच ते बरे होतात. गाव बदललं असं त्यांना वाटतं. खरं तर त्यांना हवं असतं तिथे घालवलेलं तरुणपण. इथे मला थांबावंच लागतं. गावाची ओढ असेल तर एसटी आहे. वयाची ओढ असेल तर मामानं कुठल्या गाडीत बसवायचं?

म्हणून मी दोन वेगळी उत्तरं देते. होफरच्या रोग्यासाठी आणि बँक्सच्या खलाशांसाठी आपल्याकडे फार चांगला शब्द आहे: वेध. घराचे वेध लागणं. हा वेध म्हणजे मुळात टोचणं, भेदणं. कान टोचण्याला कर्णवेध म्हणतात तो हाच. परतणं आणि टोचणं, दोन्ही त्यात आहे. ग्रीक जोडशब्दाला इतकं जवळचं मराठीत मला दुसरं काही सापडलेलं नाही, आणि यासाठी कोणाला नवा शब्द घडवावा लागला नाही.

पण जाणार असेल त्यालाच वेध लागतात. कांटनं सांगितलेल्या दुखण्याला तो शब्द चालत नाही. 'गतकातरता' लिहून पाहिलं. अर्थ बरोबर आहे, पण तो समीक्षेतला शब्द, आजीच्या तोंडी शोभत नाही. 'हुरहूर' जवळचा आहे, पण कशाची हुरहूर हे वेगळं सांगावं लागतं.

त्यामुळे गेलेल्या काळाची गोष्ट असेल तिथे मी सरळ नॉस्टॅल्जिया असंच लिहिते, आणि तो पहिल्यांदा येतो तिथे त्याच्या दोन ग्रीक तुकड्यांचा अर्थ वाक्यातच सांगून टाकते.