१२ इंची सबचा बॉक्स: साडेतीन हर्ट्झ गेले कुठे?

सापडले! हरवलेले साडेतीन हर्ट्झ सापडले, आणि ते हरवले होते माझ्याच वहीतल्या आकडेमोडीत.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा गाडीतल्या सबचा, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, बॉक्स चिकटवून, घासूनपुसून तयार होता आणि मी हवेत होतो. आकडे पुन्हा देतो: निव्वळ ५० लिटर, बाजूच्या भिंतीला लागून ३४ × ५ सेंटिमीटरचा स्लॉट पोर्ट (हवा आत-बाहेर जायची फटीसारखी वाट), मागे एल आकारात वळवलेला, लांबी साडेसत्त्याहत्तर, ट्यूनिंग (पोर्टमधली हवा सगळ्यात जोरात हलते तो सूर) ३४ हर्ट्झ. सब बसवला, बॉक्स डिक्कीत ठेवला, गाणं लावलं. अगदी खालचे सूर दणदणीत, पण किक ड्रममध्ये जीवच नाही. ‘ढप्’ ऐवजी काहीतरी ओलं, उशिरा आल्यासारखं.

म्हणून बॉक्स परत घरात आणून इम्पीडन्स, म्हणजे सबचा एसी प्रवाहाला होणारा विरोध, मोजायला बसलो. १०० ओहमचा रेझिस्टर सिरीजमध्ये, टोन जनरेटर एकेक हर्ट्झने वर सरकवायचा आणि सबच्या टर्मिनलवरचं व्होल्टेज लिहून काढायचं. पोर्टेड बॉक्सच्या आलेखात दोन उंचवटे येतात आणि त्यांच्यामधली दरी म्हणजे खरं ट्यूनिंग. माझी दरी पडली ३० आणि ३१ च्या मध्ये. आधी संशय मल्टिमीटरवर घेतला, कारण साधे मीटर ४० हर्ट्झच्या खाली एसी नीट मोजतीलच असं नाही. मग लॅपटॉपच्या साउंड कार्डावरून रूम ईक्यू विझार्ड या मोजमापाच्या सॉफ्टवेअरने तेच मोजलं. ३०.५, म्हणजे ठरवल्यापेक्षा साडेतीन कमी. शेवटी बोटाने खात्री केली: ३० च्या टोनवर कोन (सबचा हलणारा पडदा) जवळजवळ गप्प आणि पोर्टच्या तोंडाशी धरलेली वर्तमानपत्राची पट्टी फडफडतेय. ३४ वर नेलं की कोन बोटाखाली चांगलाच थरथरतोय. आता कसला वाद घालणार?

इथून पुढचे दोन आठवडे मी मूर्खपणात घालवले. पहिला संशय गळतीवर. प्रत्येक सांध्यात आतून सिलिकॉन भरलं, तारा जोडायचा टर्मिनल कप काढून फेकला (ते तयार प्लास्टिकचे कप कुणी वापरू नका, त्यांच्या कडेने हवा शिट्टी मारते, सरळ दोन पितळी बोल्ट लाकडातून काढा आणि मोकळे व्हा). उंचवटे थोडे उंचावले, दरी जागची हलली नाही. गळतीने उंचवटे बसतात, दरी इतकी सरकत नाही, हे मला माहीत होतं. आठवलं मात्र सिलिकॉनची अख्खी नळी संपल्यावर.

दुसरा संशय एमडीएफवर. १८ मिलिमीटर म्हणून घेतलेला बोर्ड व्हर्नियरने मोजला तर १७.३. विकणाऱ्याचा राग आला, पण हिशेब केला तर आतल्या मापात लिटरभरही फरक निघेना. राग वाया गेला.

घोळ होता शेवटच्या पदात. पोर्टची लांबी काढताना आपण सगळे जे सूत्र वापरतो त्यात शेवटी टोकांची दुरुस्ती वजा करतो: एक गुणक गुणिले व्यास. विनआयएसडी या बॉक्स डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये एक टोक भिंतीत आणि एक मोकळं निवडलं की तो गुणक ०.७३२. हे गोल नळीसाठी ठीक आहे. माझ्या स्लॉटची एक भिंत म्हणजे बॉक्सचीच भिंत, आणि वरची-खालची बाजूही बॉक्सचीच. पोर्ट जिथे आत संपतो तिथे तीन बाजूंनी या भिंती पुढे चालूच राहतात, त्यामुळे हवेला पोर्ट संपल्याचं कळतच नाही. ती आणखी काही अंतर नळीत असल्यासारखीच हलते. अशा पोर्टसाठी गुणक २.२ च्या आसपास धरावा लागतो. १७० चौरस सेंटिमीटरच्या स्लॉटचा समतुल्य व्यास १४.७, म्हणजे ११ सेंटिमीटरच्या जागी ३२ वजा करायला हवे होते. नवा गुणक घालून उलटं गणित केलं. उत्तर ३०.५! वही मिटली आणि एकटाच हसत बसलो.

मग काय, २१ सेंटिमीटर पोर्ट कापायचा? इथे दुसरा सापळा आहे. पोर्ट कापला की त्याच्या आतली हवा आणि १८ मिलिमीटरची फळी, दोन्हींची जागा बॉक्सला परत मिळते. माझ्या मापात दर सेंटिमीटरला जवळजवळ पाव लिटर. आकारमान वाढलं की ट्यूनिंग पुन्हा खाली, म्हणून अजून कापा, की आकारमान अजून वाढलं. हे फिरत फिरत थांबतं ४४ सेंटिमीटरवर, तेही ५७.७ लिटरच्या बॉक्समध्ये. म्हणजे तब्बल साडेतेहतीस सेंटिमीटर कापणं, तेही सबच्या भोकातून हात घालून. हात पोचेल, पण कापलेलं परत जोडता येणार नाही.

कापायच्या आधी ३४ ऐकून बघता आलं तर? लांबी तीच ठेवून आतली जागा कमी केली तरी ट्यूनिंग वर जातं. गणितात ४० लिटरला ३४ येत होतं. म्हणून पाण्याने काठोकाठ भरलेल्या लिटरच्या दहा बाटल्या आत ठेवल्या, खडखडू नयेत म्हणून मध्ये फोमचे तुकडे. भरलेल्याच हव्यात, रिकामी बाटली हवेच्या दाबाबरोबर स्वतःच दबते, मग तिने जागा अडवून उपयोग काय? पुन्हा इम्पीडन्स. दरी ३४ वर. या छंदात मला मिळालेला सगळ्यात स्वस्त आनंद हाच असेल.

गाडीत मात्र ३४ ने निराश केलं. किक आली, पण बेस गिटारचा तळ गेला. पाच बाटल्या काढल्या, म्हणजे ४५ लिटर, साधारण ३२ हर्ट्झ. आणि हे जमलं. किक छातीवर, तळही शाबूत. कागदावर मी ३४ ठरवलं तेव्हा केबिन गेन धरलाच नव्हता. गाडीची आतली लांबी अडीच मीटरच्या आसपास, म्हणजे साधारण ६९ हर्ट्झच्या खाली गाडी स्वतःच बेस चढवते. पुस्तकात ऑक्टेव्हला (हर्ट्झ निम्मे झाले की) १२ डेसिबल. पातळ पत्रा आणि दारांच्या फटींतून प्रत्यक्षात कमीच. खिडकी उघडली की तो आधार गेलाच. तरी ३०.५ वर भूं आणि ३२ वर ढप् हा फरक डोळे मिटून ओळखता येतो. दोनदा तपासलं, बाटल्या कुणी किती ठेवल्यात हे न बघता.

तर बेत बदलला. ३४ चा नाद सोडला, ३२ वर थांबायचं. वाढणारी जागा धरून लांबी येते साठला थोडी कमी, म्हणजे १८ सेंटिमीटर कापणं पुरे. आतली जागा ५४ लिटर होईल, म्हणजे बाटल्यांशिवायच जमेल. सबसॉनिक फिल्टर (ठरावीक हर्ट्झखालचे सूर अडवणारा) आत्ता २५ वर आहे, तो २७ वर आणेन, कारण ट्यूनिंगच्या खाली कोनला आवरणारं कुणी नसतं. लिहिता लिहिता सुचलं: एकदम १८ न कापता आधी १५ कापून मोजावं. २.२ हा गुणकही अंदाजच, आणि अंदाजाने मी एकदा तोंडघशी पडलोय.

मल्टिटूलला नवं पातं लावलंय. कार्पेट अजून लावलेलं नाही हे नशीब, कारण पोर्टची फळी मी नुसती गोंदावर सोडली नव्हती. वरून आणि खालून स्क्रूही मारले होते, नेमके कापायच्या रेषेत. आज संध्याकाळी सहापैकी पाच निघाले. सहाव्याची फुली घासून पार गुळगुळीत झालीय.