अण्णांच्या मेंदूतलं पाणी: टॅप टेस्ट ते शंट, माझा अनुभव

"पाठीतून पाणी काढलं की माणूस कायमचा लुळा पडतो" हे मला आत्यापासून मेडिकलवाल्यापर्यंत सगळ्यांनी ऐकवलं, म्हणून ज्यांच्या घरी सध्या हाच घोळ चालू आहे त्यांच्यासाठी लिहितेय, जरा लांबलंय पण वाचा.

आमचे अण्णा सत्तरी ओलांडलेले. आधी चालणं बिघडलं, पाय उचलायचेच नाहीत, फरशीवर घासत घासत चालायचे आणि बाथरूमच्या दारात वळायचं म्हटलं की जागच्या जागी बारीक बारीक पंधरा-वीस पावलं. मग लघवीचा कंट्रोल जायला लागला, नंतर विसराळूपणा. सगळे म्हणाले वय झालं. एका डॉक्टरांनी पार्किन्सन म्हणून गोळ्या दिल्या, त्यांनी काडीचा फरक पडला नाही.

दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी एमआरआय बघायच्या आधी "काका, तेवढ्या दारापर्यंत जाऊन वळून या बघू" म्हणून कॉरिडॉरमध्ये चालवलं, मग फिल्म लावली. मेंदूतल्या पोकळ्या चांगल्याच फुगलेल्या. म्हणाले, एनपीएच वाटतंय, नॉर्मल प्रेशर हायड्रोसेफॅलस. आपल्या मेंदू आणि मणक्याभोवती साधारण १५० मिली पाणी, म्हणजे सीएसएफ, असतं पण दिवसाला तयार होतं जवळजवळ ५०० मिली, म्हणजे जुनं सतत शोषलं जाऊन नवीन येत राहतं. हे शोषणं बिघडलं की पोकळ्या फुगतात, आणि गंमत म्हणजे सुई घालून प्रेशर मोजलं तर ते बहुतेक वेळा नॉर्मलच येतं. म्हणूनच हा आजार निसटतो. बोगोटाच्या सालोमोन हकीम या डॉक्टरांनी १९६५ साली तो मांडला, तोपर्यंत असे पेशंट म्हातारचळ म्हणूनच सोडून दिले जात असणार.

आता टॅप टेस्ट, म्हणजे पाठीतून थोडं पाणी काढून चालण्यात फरक पडतो का ते बघायचं. आधी फिजिओथेरपिस्टनी १० मीटर चालवून स्टॉपवॉच लावलं, मी मोबाईलवर व्हिडिओ काढला (हा जरूर काढा, नंतर घरच्यांना पटवायला हाच कामी येतो). मग कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले, भूल दिली आणि कमरेच्या खालच्या मणक्यांमधून सुई. मज्जारज्जू त्याच्या वरच, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्यामुळे लुळं पडायची जी भीती घालतात ती उगाच आहे. पाणी अगदी नितळ, थेंब थेंब नळीत पडत होतं, ४० मिली काढलं. थोडं लॅबला गेलं, प्रोटीन, साखर, पेशी बघायला, टीबी किंवा इन्फेक्शन नाही ना म्हणून. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधीच सांगा. नंतर डोकं दुखलं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी, ते होतं म्हणे, दोन दिवसांत गेलं.

त्याच संध्याकाळी परत चालवलं तर वळायला सहा-सात पावलं! दादा शंटच्या, म्हणजे जादा पाणी वाहून न्यायची नळी बसवायच्या ऑपरेशनच्या ठाम विरोधात होता, व्हिडिओ बघून गप्प बसला. फरक थोडे दिवसच टिकतो पण शंटचा फायदा होईल का याचा अंदाज येतो. फरक दिसला नाही तरी आजार नाहीच असं मात्र नसतं, डॉक्टर तसं स्पष्ट म्हणाले.

मग व्हीपी शंट. मेंदूतल्या पोकळीतून नळी कानामागून कातडीखालून थेट पोटात, मध्ये पाणी किती वाहू द्यायचं ते ठरवणारा व्हॉल्व्ह. आम्ही प्रोग्रामेबल घेतला, महाग आहे, पण सेटिंग बाहेरून चुंबकाने बदलता येतं, आणि आमचं बदलावं लागलंच. इन्फेक्शन, नळी तुंबणं, पाणी जास्त निघून मेंदूच्या बाजूला रक्त साकळणं हे धोके आहेत, त्यामुळे ताप, उलट्या, गुंगी यातलं काही दिसलं तर घरी वाट बघत बसू नका.

चालणं खूप सुधारलं, लघवीचं बऱ्यापैकी, विसरणं फारसं नाही, याची कल्पना आधीच दिली होती. आणि हो, कसलाही एमआरआय करायचा झाला, अगदी गुडघ्याचा असला तरी, आधी व्हॉल्व्हचं कार्ड दाखवा आणि नंतर सेटिंग तपासून घ्या, कारण त्या मशीनच्या चुंबकाने काही व्हॉल्व्हचं सेटिंग हलू शकतं.